कूलरची टाकी आणि भिंतीवरची तारीख

काल संध्याकाळी आमच्या गल्लीत फवारणीची गाडी येऊन गेली. पोरं धुरामागे पळत होती, माणसं फाटकाशी उभी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता कुठं आरोग्यवाले कामाले लागले, बाप्पा!" त्यांच्या नातवाला मागच्याच आठवड्यात डेंगू झाला होता, त्यामुळे त्यांचा जीव किती टांगणीला लागला होता हे मी पाहिलंय. तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

माझे बाबा आरोग्य सेवक होते. उमरेड, कुही, भिवापूर या तालुक्यांतच सगळी नोकरी झाली. सायकलला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुई आणि स्पिरिटचा कापूस. कुणाला ताप दिसला की मलेरियाच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. घरभेट झाली की दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकायची. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि मग ओटी टेस्ट. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर पुन्हा पावडर. ज्या वर्षी त्यांच्या गावांत गॅस्ट्रो आला नाही, त्या वर्षी बाबांचं कुणी नावही काढलं नाही. माझ्या लेखी आरोग्य खात्याचं खरं काम हेच आहे, आणि नेमकं हेच आपण मागत नाही. आपण मागतो धूर आणि इमारती.

धुरानं फक्त उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाणी साठवलेलं सगळं रिकामं करून कोरडं ठेवा, म्हणतात. आपल्या नागपुरात तर घरोघरी कूलर. मे महिन्यात त्याच्याशिवाय जगणं शक्य नाही, मान्य. पण जूनमध्ये पाऊस लागला की टाकीतलं पाणी तसंच राहतं, आणि दारावर येणाऱ्या आशाताईला किंवा मनपाच्या माणसाला आपण "सगळं ठीक आहे" म्हणून बाहेरूनच वाटेला लावतो. मीही पूर्वी हेच केलं आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते.

दुसरी अडचण आपल्या माहितीची. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. डागा हे बायकांचं रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. शहरातला डेंगू मनपाकडे, खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. नागपूर परिमंडळाच्या उपसंचालकांकडे तर गडचिरोली-गोंदियासह सहा जिल्हे. पण डास मनपाची हद्द पाहून थांबत नाही. शहरातल्या दवाखान्यात सापडलेला रुग्ण हद्दीबाहेरच्या बेसा-पिपळ्याचा असेल, तर त्याच दिवशी ती माहिती तिकडे पोचली पाहिजे. हे जोडून घेण्याचं काम राज्याच्या खात्याचंच आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. विदर्भात हा आजार फक्त आदिवासींपुरता नाही. आई-वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून तो पुढे देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सुरुवातीची तपासणी रक्ताच्या एका थेंबावर होते. पत्रिका जुळवायला आपण चार ज्योतिषी गाठतो, हा थेंब मात्र कुणी मागत नाही. ही तपासणी लग्नाआधी, कॉलेजातच व्हावी, आणि वाहक निघालेल्या पोरीला शांतपणे समजावून सांगणारं माणूस तिथं असावं. यंत्र विकत आणता येतं. असं माणूस नेमावं लागतं, टिकवावं लागतं, त्याला वेळेवर पगार द्यावा लागतो.

म्हणून यंदा मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे: आमच्या भागात आरोग्य सेवकांच्या, नर्सताईंच्या जागा किती, आणि त्यातल्या भरलेल्या किती? तुम्हीही विचारा, अगदी कळकळीनं सांगते.

उद्या रविवार. काकूंच्या कूलरची टाकी मी आणि त्यांची सून मिळून घासणार आहोत. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. घासणी मी नेतेय.