म्हणे याच ब्राउझरमध्ये उघडा!

परवा रावेरला आबांच्या केळीच्या विम्याचा अर्ज मोबाइलवर भरायला बसलो. गट नंबर, क्षेत्र, बँकेचा आयएफएससी, सगळं टाकलं. आणि 'पुढे'चं बटणच गायब! स्क्रीनच्या उजवीकडे, बाहेर कुठेतरी. मोबाइल आडवा धरला तर वर लाल पट्टी: अमुकच ब्राउझर वापरा, तोही कॉम्प्युटरवर. आबा म्हणाले, "कागद आण भो, सही ठोकतो."

अरे, वेब पानं लिहायची भाषा, एचटीएमएल, काढली कशासाठी? हे शीर्षक, हा परिच्छेद, ही भरायची चौकट, एवढं सांगायचं. दाखवायचं कसं ते ज्याचं त्याचं यंत्र बघेल. स्क्रीन लहान-मोठी असली तर सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) मीडिया क्वेरी आहेत, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे मांडणी बदलायचे नियम, २०१२ पासून प्रमाणित. तरी यांचं आपलं एकाच मापाचं शिवणकाम!

नव्वदच्या दशकात वेबसाइटांवर 'नेटस्केपमध्येच बघा'च्या पाट्या होत्या; नेटस्केप हा तेव्हाचा ब्राउझर. पुढे मोबाइलसाठी डब्ल्यूएमएल नावाची वेगळी भाषा काढली, तीही गेली. २०२२मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. त्याच्याच भरवशावर बांधलेल्यांची काय धांदल उडाली! बरं, समोर कुठला ब्राउझर आहे हे वेबसाइट ओळखणार तरी कशी? क्रोम असो, सफारी असो, सगळे तिला आपली ओळख 'मोझिला/५.०' म्हणूनच सांगायला सुरुवात करतात; मोझिला हे नेटस्केपचंच जुनं टोपणनाव. (यात्रेत सगळेच पाटील, तसं.)

शेवटी भर उन्हात सायबर कॅफे गाठला. तिथे पान उघडलं, बटणही दिसलं. दाबणार तेवढ्यात लाईट गेली.