करोडगिरी, भन्सार आणि पायी ओलांडलेली सीमा

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि माझी पत्नी पहाटे गोरखपूरहून निघालो, रोडवेजच्या साध्या बसने सोनौलीपर्यंत गेलो, तेथे भारत-नेपाळ सीमा पायी ओलांडली, लुंबिनी पाहिली आणि त्याच रात्री गोरखपूरच्या लॉजवर मुक्कामाला परत आलो. हे ज्यांना सांगितले त्यांतील बहुतेकांनी पहिल्यांदा एकच विचारले : ‘अहो सर, या वयात बसने कशाला? सरळ गाडी करायची होती.’ गाडी करणे आम्हांला परवडले असते. तरीही ती का केली नाही, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हा मजकूर थोडा लांबणार आहे.

सुरुवात आजोबांपासून करावी लागेल. आमचे गाव वैजापूर तालुक्याच्या पश्चिम कडेला आहे. आजोबांच्या तरुणपणी गाव निजामाच्या राज्यात होते आणि काही कोसांवरचे येवले इंग्रजी हद्दीत. तिकडचे लोक आमच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. आजोबा कापड आणायला येवल्याला पायी जात आणि दिवेलागणीपर्यंत परत येत. येताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे आणि लुगड्या-धोतरांवर जकात भरावी लागे. जाताना निजामाचे हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार रुपये घ्यायचे. भाव साधारणपणे सात हालीला सहा कलदार. नाक्याच्या अलीकडे सरकारी कागदांवर फसली हे महसुली सन, पलीकडे इसवी सन. आमच्या शेताच्या जुन्या उर्दू कागदांवर १३५७ फसली असे आहे. ते इसवी सन १९४७-४८ साल आहे, हे मला नोकरीला लागल्यानंतर एका निवृत्त पेशकारांनी समजावून सांगितले. आजोबांना मात्र ही दोन्ही गणिते बोटांवर येत असत, कारण त्यांना ती दर आठ-पंधरा दिवसांनी करावी लागत.

तेव्हा एका दिवसात दुसऱ्या राज्यात पायी जाऊन येणे ही आमच्या घराला नवी गोष्ट नव्हती. ती केवळ मधल्या दोन पिढ्यांत राहून गेली होती.

गंमत अशी, की गोरखपूरची गाडी धरण्यासाठी आम्ही संभाजीनगरहून मनमाडला गेलो तेव्हा तीच जुनी हद्द रेल्वेने ओलांडली. रोटेगाव सोडले, थोड्या वेळाने नगरसूल आले, आणि मध्ये कोठेतरी एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे, याची खूण सांगणारा एक दगडही खिडकीतून दिसला नाही. मनमाडला कुशीनगर एक्सप्रेस मिळाली. पुढचा एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

गोरखपूर ते सोनौली हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. बस स्थानक रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे आणि पहाटेपासून ‘सोनौली, सोनौली, बॉर्डर’ असा पुकारा चालू असतो. कॅम्पियरगंज, फरेंदा, नौतनवा अशी गावे घेत बस तीन तासांच्या आसपास पोहोचवते. बसमध्ये पर्यटक म्हणावे असे आम्ही दोघेच होतो. बाकी नौतनव्याच्या बाजारचे लोक, दोन वकील, आणि मागच्या बाकांवर मोठमोठ्या बॅगा, गुंडाळलेली ब्लँकेटे व एक टीव्हीचे खोके घेऊन घरी निघालेली नेपाळी मुले. त्यांतल्या एकाने आमचे बोलणे ऐकून चक्क मराठीत विचारले, ‘काकू, तुम्ही औरंगाबादचे का?’ तो सहा वर्षे वाळूजमध्ये एका कँटीनवर कामाला होता. दिवाळीनंतर सुट्टी घेऊन पाल्प्याकडच्या आपल्या गावी चालला होता. पुढच्या तासाभरात त्याने आम्हांला जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात मला सापडले नव्हते : पैसे कोठे बदलायचे, कोणत्या रिक्षावाल्याचे ऐकायचे नाही, आणि मुख्य म्हणजे, ‘काका, बस थांबली की लोक तुम्हाला घेरतील, गाडी लागेलच म्हणतील. काही लागत नाही. सरळ चालत जा.’

आम्ही सरळ चालत गेलो. रस्त्याच्या एका बाजूला मालट्रकांची रांग लागली होती, तिचे टोक दिसत नव्हते. भारतीय इमिग्रेशनचे कार्यालय दुकानांच्या ओळीत इतके साधेपणाने बसले आहे, की परदेशी पाहुणे शिक्का न घेताच पुढे जात असतील तर नवल नाही. आपल्याला आणि नेपाळी नागरिकांना तेथे शिक्क्याची गरज पडत नाही. ३१ जुलै १९५० च्या मैत्री करारानंतर दोन्हीकडच्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येते. आम्ही मतदार ओळखपत्रे हातात धरून ठेवली होती. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने आमच्याकडे पाहिले, ‘लुंबिनी?’ असे विचारले आणि हातानेच पुढे जाण्याची खूण केली. चाळीस-पन्नास पावलांवर बुद्धाचे चित्र असलेली नेपाळची कमान होती. ती ओलांडली आणि आम्ही बेलहियात होतो. पत्नी म्हणाली, ‘झालं?’ 

आमच्या दृष्टीने झाले होते. मागे वळून पाहिले तेव्हा तो वाळूजचा मुलगा मात्र रांगेत उभा होता. त्याची बॅग, ब्लँकेट आणि सोबत्याचे टीव्हीचे खोके उघडले जात होते. तो स्वतःच्या देशात चालला होता आणि आम्ही परक्या. तरीही पांढरे केस आणि लहान पिशवी यांच्या जोरावर आम्ही अर्ध्या मिनिटात सुटलो. काचा लावलेल्या गाडीत बसून आलो असतो तर हे मला दिसलेच नसते.

बेलहियात पाय ठेवताच आजोबांची दोन्ही गणिते समोर उभी राहिली. पहिल्याच दुकानदाराने विचारले, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. हाली आणि कलदार यांच्यासारखाच हा जोड आहे, फक्त भाव अधिक सोपा : १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, आणि १९९३ पासून तो बदललेला नाही. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती आणि आम्ही गेलो तेव्हा ती लागू होती, त्यामुळे आम्ही शंभराच्या नोटांचे एक बंडल बाळगून होतो. चहाच्या बिलावर साल छापलेले होते २०८१, कारण तेथे विक्रम संवत चालतो, आणि घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे. पत्नीने घड्याळ बदलायला नकार दिला. ‘संध्याकाळी परत मागे घ्यायचंच आहे,’ हा तिचा मुद्दा बिनतोड होता.

करोडगिरीलाही तेथे भाऊ आहे. नेपाळीत जकात नाक्याला भन्सार म्हणतात. सीमेवरच्या नेपाळी गावांतील माणसे तेल, साखर, कपडे भारतीय बाजूला स्वस्त पडतात म्हणून इकडे खरेदीला येतात. नेपाळी १०० रुपयांहून अधिक किमतीच्या मालावर भन्सार भरण्याचा नियम २०२३ मध्ये काटेकोरपणे लावला जाऊ लागला, तेव्हा तराईच्या भागात मोठी नाराजी उसळली. नेपाळी १०० रुपये म्हणजे आपले साडेबासष्ट. तेवढ्यात आज एक साधा गमछासुद्धा येत नाही. आम्ही कमानीजवळ उभे असताना एक बाई साडीची घडी पदराखाली दाबून ज्या सहज चालीने गेली, ती पाहून मला आजीने सांगितलेली एक गोष्ट आठवली. आजी येवल्याहून येताना नवे लुगडे अंगावरच्या लुगड्यावर नेसूनच नाका पार करीत असे. नेसलेल्या वस्त्राला जकात नाही, हा कायदा तिला पाठ होता.

बेलहियाहून भैरहवा चार-एक किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत ई-रिक्षा आणि पुढे सुमारे २२ किलोमीटर लुंबिनीपर्यंत स्थानिक बस. बसमध्ये एका आजीबाईंनी पत्नीच्या मांडीवर आपली कोंबडीची टोपली निर्धास्तपणे ठेवली. भाषेचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला.

लुंबिनीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून एकाच गोष्टीवर थांबतो. मायादेवी मंदिराच्या पश्चिमेला सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरचा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः येथे आला, त्याने पूजा केली, ‘हिद बुधे जाते’, येथे बुद्ध जन्मले, असा त्याचा आशय आहे. आपण सारे एवढ्यावर हात जोडून पुढे जातो. पण लेखाची शेवटची ओळ कराची आहे : ‘लुंमिनिगामे उबलिके कटे अठभागिये च’. लुंबिनी गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असा त्याचा अर्थ लावला जातो. एरवी राजाचा हिस्सा सहावा मानला जाई. सकाळी भन्सार पाहून आलेल्या माणसाला ती ओळ वेगळीच लागते. जन्मस्थळाला मान द्यायचा म्हणजे काय करायचे, याचे अशोकाचे उत्तर तेथल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर पोहोचणारे होते.

त्या स्तंभापाशीच परभणी जिल्ह्यातील चाळीसेक उपासक-उपासिकांचा जथा भेटला. पांढऱ्या साड्या, जयभीम झाला, कोणाचे जावई कोठे आहेत याची चौकशी झाली. त्यांची यात्रेची बस सकाळी भन्सारच्या कागदांसाठी अडीच तास उभी होती, कारण भारतीय वाहन नेपाळमध्ये न्यायचे तर त्याचे शुल्क आणि परवाना लागतो. आम्ही चालत अर्ध्या मिनिटात आलो हे सांगितल्यावर त्यांच्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘सर, पण या मावश्यांना घेऊन चालणार कुठं?’ त्यांचे बरोबर होते. चाळीस माणसे, त्यांत ज्यांचे गुडघे गेले आहेत अशा बाया, सोबत शिधा आणि भांडी. त्यांच्यासाठी बसच हवी. माझे म्हणणे ज्यांना चालता येते त्यांच्यापुरतेच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही सीमा अशी उघडी ठेवू नये, असे म्हणणारे दोन्ही देशांत आहेत, आणि त्यांची कारणे पोकळ नाहीत. याच सोनौलीच्या वाटेने नोकरीची लालूच दाखवून नेपाळी मुली विकायला आणल्या जातात. ‘माइती नेपाल’ या संस्थेच्या कार्यकर्त्या अशा नाक्यांवर उभ्या राहून एकट्या किंवा भांबावलेल्या मुलींशी बोलतात, त्यांना विचारपूस करून थांबवतात. सुमारे १७५० किलोमीटरची सीमा, जागोजागी शेतांतून जाणाऱ्या पाऊलवाटा. तेथे बनावट नोटा येतात, गुन्हेगार लपतात, हेही खरे आहे. परंतु मार्च २०२० मध्ये साथीमुळे ही सीमा बंद झाली तेव्हा अडकले कोण? मुंबई-पुण्याहून चालत, ट्रकमधून लटकत आलेले वाळूजच्या मुलासारखेच मजूर अडकले. सीमा बंद झाली की मोठ्या गाडीवाल्याला विमान असते. पायी चालणाऱ्याला दुसरी वाट नसते.

आणि मराठवाड्याच्या माणसाने तर हे विसरूच नये. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा उच्छाद सुरू झाला तेव्हा आमच्या गावातली निम्मी माणसे येवल्याच्याच त्या बाजारवाटेने रात्रीतून पलीकडे गेली. मनमाड, बार्शी, उमरखेड येथे मुक्तिसंग्रामाचे कॅम्प होते, ते हद्दीच्या पलीकडेच. बाजाराच्या निमित्ताने रोज पायाखाली पडणारी वाट होती, म्हणून ती अंधारातही सापडली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर लोक परत आले. आमचे आजोबा मात्र करोडगिरी गेल्यावरही कितीतरी वर्षे त्या जागेपाशी आले की गाठोडे खांद्यावरून खाली घेत, असे वडील हसून सांगत.

म्हणून माझे मत असे आहे, की सीमेवर पहारा वाढवा, मुलींना फसवणाऱ्या दलालांना पकडा, ओळखपत्र पाहायचे तर तेही पाहा, पण चालत जाणाऱ्याची वाट गावातून हलवू नका. मालवाहतुकीसाठी जोगबनी-विराटनगर येथे २०२० मध्ये आणि रुपैडिहा-नेपाळगंज येथे २०२३ मध्ये मोठ्या एकात्मिक तपासणी चौक्या सुरू झाल्या. ट्रकांसाठी त्या हव्यातच, सोनौलीची रांग पाहिल्यावर याबद्दल शंका उरत नाही. परंतु अशा चौक्या गावाबाहेर, कुंपणाच्या आत, कित्येक एकरांत असतात. बाजाराची पिशवी घेतलेल्या बाईला, सासरी जाणाऱ्या मुलीला, बसमधून उतरलेल्या मजुराला तेथपर्यंत रिक्षा करून जायला लावले, तर कागदावर सीमा खुली राहील आणि प्रत्यक्षात तिचे भाडे सुरू होईल. तिकडे ज्याला रोटी-बेटीचे नाते म्हणतात ते त्या चाळीस-पन्नास पावलांवर टिकून आहे.

परतताना आम्ही साडेपाचच्या सुमारास कमानीपाशी आलो. पत्नीच्या घड्याळात अर्थातच सव्वापाच. या वेळी आमची पिशवी उघडली गेली. आत परभणीच्या मावशींनी बळेबळे दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. जवानाने तो उघडून वास घेतला आणि विचारले, ‘नेपाल से लाए?’ पत्नी म्हणाली, ‘नाही हो, परभणीहून.’ तिने हे मराठीतच सांगितले आणि त्याला ते समजले असावे, कारण झाकण लावून देताना तो हसत होता. गोरखपूरची बस समोर लागलेलीच होती. मागची सीट मिळाली, खड्डे सगळे मोजून घेतले आणि रात्री साडेनऊला लॉजवर पोहोचलो. जाणार असाल तर पहाटेची बस धरा आणि सुट्ट्या नोटा घरूनच न्या. गोरखपूर स्टेशनबाहेर त्या वेळी कोणीही सुट्टे देत नाही.