‘आमच्या बाजूने ओके आहे’

पाच-सहा सिस्टीम जोडून एक अखंड बिझनेस प्रोसेस उभी करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. परवाच असल्या एका अखंड प्रोसेसपायी रात्र जागून काढलीय. ऑर्डर रद्द झाली, माल स्टॉकला परत जमा झाला आणि बिल मात्र दोनदा लागलं. अनुभव ताजा आहे तोवर चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवतो.

सुरुवात चित्रापासून करा. बीपीएमएन 2.0 हे प्रोसेसची चित्रं काढायचं नोटेशन 2011 पासून आहे. त्यात एरर, टायमर, कॉम्पेन्सेशन (झालेलं काम उलटवणं) यांची वेगवेगळी चिन्हं दिलेली आहेत. त्यांना हात लावू नका. गोल, चौकोन, बाण, चौकोन, गोल. मीटिंगमध्ये साहेबांना फार आवडतं. एररचं काय ते ‘फेज टू’मध्ये बघू म्हणा. (फेज टू पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.)

मग ऑर्केस्ट्रेशन की कोरिओग्राफी यावर आठवडाभर भांडा. मधल्या इंजिनाने एकेकाला हाक मारून काम करून घ्यायचं, की ज्याने त्याने इव्हेंट ऐकून आपापलं उरकायचं? शेवटी दोन्ही अर्धं अर्धं घ्या. ऑर्डर कुठे अडकली हे मग कुणालाच सांगता येत नाही.

टूल मात्र नवं घ्या. 2007 साली प्रोसेस लिहायची डब्ल्यूएस-बीपीईएल 2.0 ही भाषा ओअॅसिस या संस्थेचं स्टँडर्ड झाली, तेव्हा ऑर्डरी एक्सएमएल फॉरमॅटमध्ये अडकायच्या. आता जेसनमध्ये अडकतात.

काहीही फुटलं तरी उत्तर 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, असंच द्या. ‘फेल्ड’ हा शब्द आत बॉडीत कुठेतरी टाका. डॅशबोर्ड हिरवागार राहतो.

कोरिलेशन आयडी, म्हणजे सगळ्या सिस्टीममधून ऑर्डरसोबत फिरणारा एकच नंबर, नको. लॉग वाचणाऱ्यांनाही काही काम हवं ना.

आता खरी गुरुकिल्ली: टाइमआउट आला की काम झालंच नाही असं समजा आणि पुन्हा पाठवा. बिल कधीच लागलंय, नुसतं उत्तर परतताना हरवलंय, असल्या शंका मनात आणू नका. प्रत्येक विनंतीला आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तिचा स्वतःचा नंबर, लावायची, समोरच्याने ती जपून ठेवायची, तीच की पुन्हा आली तर नव्याने काही न करता आधीचंच उत्तर द्यायचं... एवढा खटाटोप कोण करतो? तीन प्रयत्न ठेवा आणि मोकळे व्हा. तीन इंजिनात, तीन गेटवेमध्ये, तीन आतल्या एचटीटीपी लायब्ररीत. गुणाकार करा, झाले 27! हा 27 कुठल्याही डिझाइन डॉक्युमेंटमध्ये सापडत नाही, तो फक्त रात्री बिलिंगच्या लॉगमध्ये दिसतो. बिचारा सर्व्हर आधीच धापा टाकतोय, त्याच्यावर सगळे एकाच क्षणी तुटून पडतात. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्यावं, जरा पुढेमागे करावं, एवढंही कुणाला सुचत नाही. अहो, उत्तर आलं नाही याचा अर्थ एवढाच की काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही! मग विचारा ना आधी, ‘या नंबरची नोंद झाली का?’ दोनदा विचारल्याने कुणाचे पैसे कापले जात नाहीत, दोनदा सांगितल्याने जातात!

असो. पुढचा सल्ला.

परतीची वाट आखू नका. अनेक सिस्टीममध्ये पसरलेलं काम एका रोलबॅकने पुसलं जात नाही, हे खरं. प्रत्येक पायरीला ती निस्तरणारी उलटी पायरी लागते. लांबत जाणाऱ्या ट्रान्झॅक्शनसाठी हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ची ही कल्पना 1987 मध्येच मांडली. इतकी जुनी गोष्ट कशाला वाचायची? आमच्याकडे कॉम्पेन्सेशन म्हणजे रात्री एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावत बसलेला माणूस.

डेड लेटर क्यू, म्हणजे पोचवता न आलेल्या मेसेजची रांग, जरूर बनवा, फक्त तिला अलर्ट लावू नका.

आणि फोन आलाच तर पाठ करून ठेवा: ‘आमच्या बाजूने ओके आहे.’ परवाच्या कॉलवर सगळ्या टीमनी हेच ऐकवलं. एकाकडून मेसेज गेला होता, दुसऱ्याकडे आलाच नव्हता, आणि मधली क्यू कुणाची म्हटल्यावर सगळे म्यूटवर.

बास झालं आता. लाज कशी वाटत नाही? ग्राहकाने एकच बटण दाबलं होतं, ‘रद्द करा’. तुमचं सीआरएम कुठलं, ईआरपी कुठलं, मध्ये कोण बसलंय, याच्याशी त्याला काय देणंघेणं? त्याचे पैसे अडकलेत आणि तुम्ही एकमेकांना हिरव्या डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट पाठवताय! आधी अख्ख्या प्रोसेसला एक मालक नेमा, आणि तिथे टीमचं नाव नको, माणसाचं लिहा. रद्द करण्याची वाट गो-लाइव्हच्या आधी चालवून बघा. टेस्टमध्ये बिलिंगचं उत्तर मुद्दाम दाबून ठेवा आणि किती बिलं लागतात ती मोजा. एवढंही करायचं नसेल तर अभिनंदनाची मेल पाठवू नका. पाठवलीच, तर रात्री फोन उचलायला म्हणून खाली स्वतःचा नंबर द्या, आमचा नको.