खात्री नसताना युद्धाला मंजुरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा रोख थोडक्यात असा : इराकविरुद्ध सैन्य वापरायची राष्ट्राध्यक्षांना मुभा देणाऱ्या २००२ च्या ठरावाला 'हो' म्हणणाऱ्या अमेरिकी खासदारांना आज दोष देणं ही पश्चातबुद्धी आहे, खासदार काही हेर नसतात, आणि पक्क्या पुराव्याची वाट बघत बसलं तर हातातली वेळ निघून जाते.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. गुप्तचर माहिती सोळा आणे पक्की कधीच नसते. माझा आक्षेप आहे तो अर्धवट पुराव्यावर कोऱ्या कागदावर सही करून देण्याला.

आधी पश्चातबुद्धीचं बघू. इराकच्या अस्त्रांविषयीचा अमेरिकी यंत्रणांचा १ ऑक्टोबर २००२ चा गोपनीय गुप्तचर अंदाज नव्वदहून अधिक पानांचा होता आणि तीन आठवड्यांच्या आत घाईने लिहिलेला होता. इराकने मागवलेल्या ८१ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्या अण्वस्त्रांसाठी युरेनियम समृद्ध करायला आहेत, असा सीआयएचा दावा. सेंट्रिफ्यूजची, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांची, खरी जाण असलेलं ऊर्जा खातं म्हणत होतं की हे काम त्या नळ्यांचं नाही. परराष्ट्र खात्याची गुप्तचर शाखाही त्याच मताची होती. तोफखान्याच्या रॉकेटांसाठी इराक याच व्यासाच्या नळ्या आधीपासून वापरत होता. हे भिन्नमत त्याच दस्तऐवजात छापलेलं होतं. खासदारांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन सामूहिक संहाराची अस्त्रं कधी वापरेल आणि अमेरिकेच्या भूमीवर छुपा हल्ला करेल का, या प्रश्नांपुढे 'कमी खात्री' असं लिहिलं होतं. ४ ऑक्टोबरला जनतेसाठी जी आवृत्ती निघाली, तिच्यात विरोध करणाऱ्या खात्यांची नावं गळून 'काहींच्या मते' एवढंच उरलं.

हे वाचायला हेर असण्याची गरज नव्हती. मूळ प्रत बंदिस्त खोलीत उपलब्ध होती. पण सारांशाच्या पाच पानांपुढे सहाहून अधिक सिनेटर गेले नाहीत, असं वॉशिंग्टन पोस्टने २००४ मध्ये छापलं. सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी पूर्ण अंदाज वाचला आणि विरोधात मत दिलं. अर्थात, वाचून सगळंच सुटलं असतं असंही नाही. रासायनिक आणि जैविक अस्त्रांबद्दल त्याच अंदाजात 'जास्त खात्री' होती आणि तीही चुकीची निघाली. म्हणून ठरावाचा मसुदा जास्त महत्त्वाचा.

त्या मसुद्याचं कलम ३ बघा. राष्ट्राध्यक्षांना 'आवश्यक आणि योग्य' वाटेल तसं सैन्य वापरण्याची मुभा. मुख्य अट अशी : राजनैतिक मार्ग पुरेसे नाहीत, हे त्यांनी स्वतःच ठरवून, फार तर कारवाई सुरू झाल्यावर ४८ तासांत, संसदेला कळवायचं. म्हणजे परीक्षार्थीही तेच आणि परीक्षकही तेच. ही मुभा कधी संपणार याची मुदत तर नव्हतीच.

पर्याय मात्र टेबलावर होते. सिनेटर कार्ल लेव्हिन यांची दुरुस्ती : सुरक्षा परिषदेने संमती दिली तर बळ वापरा, नाहीतर पुन्हा आमच्याकडे मत मागायला या. ती २४ विरुद्ध ७५ अशी पडली. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी मुदत घालायला सांगितलं, तेही पडलं. प्रतिनिधीगृहात जॉन स्प्रॅट यांची लेव्हिनसारखीच सूचना १५५ विरुद्ध २७० अशी फेटाळली गेली. मूळ ठराव प्रतिनिधीगृहात २९६-१३३ आणि सिनेटमध्ये ७७-२३ मतांनी मंजूर झाला.

आता वेळेचं. सिनेटचं मतदान ११ ऑक्टोबरला, हल्ला २० मार्च २००३ ला. मध्ये १६० दिवस. अचानक हल्ला झालाच असता, तर तो परतवायला राष्ट्राध्यक्षांना या ठरावाची गरजच नव्हती. या काळात पुरावा बदलत होता. नोव्हेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे शस्त्र-तपासनीस इराकमध्ये परतले, त्यांनी शेकडो ठिकाणं पाहिली. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेईंनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की नायजरमधून युरेनियम खरेदीची कागदपत्रं बनावट आहेत, आणि नळ्या रॉकेटांव्यतिरिक्त कशासाठी असल्याचा पुरावा सापडलेला नाही. ठरावात दुसऱ्या मतदानाची तरतूद असती तर ही माहिती सभागृहापुढे आली असती.

तुम्ही न मांडलेला, पण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मीच मांडतो : त्या मतदानामुळे दबाव वाढला, ८ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेचा १४४१ क्रमांकाचा ठराव १५-० असा मंजूर झाला आणि तपासनीसांना दार उघडलं. खरं आहे. पण दबावासाठी लेव्हिन यांचा मसुदाही पुरला असता, असं मला वाटतं.

ब्रिटनची गंमत उलटी. तिथे मतदान १८ मार्चला झालं, हल्ल्याच्या दोन दिवस आधी. सैन्य आखातात पोचलेलं असताना 'नाही' म्हणणं जवळपास अशक्य, आणि सरकारचा कायदा सल्लागार असलेल्या ॲटर्नी जनरलच्या ७ मार्चच्या सल्ल्यातल्या, युद्धाच्या कायदेशीरपणाबद्दलच्या शंका सभागृहाला दाखवलेल्या नव्हत्या. मतं पडली ४१२ विरुद्ध १४९.

'तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?' असं तुम्ही विचारलंय. लेव्हिन यांच्या दुरुस्तीला मत दिलं असतं आणि ती पडल्यावर मूळ ठरावाच्या विरोधात. मुदतीचा आग्रह तर सोडलाच नसता. सद्दामला फाशी होऊन तेरा वर्षं उलटल्यावर, जानेवारी २०२० मध्ये बगदाद विमानतळाजवळ इराणी जनरल सुलेमानींना मारलं, तेव्हा अमेरिकी सरकारने कायदेशीर आधार म्हणून २००२ च्या याच ठरावाचा हवाला दिला.