देणार का?

सिग्नलला गाडी थांबवून, कुणाशी न बोलता, आपल्याच तंद्रीत दिवा हिरवा व्हायची वाट बघणं हे पुण्यातलं शेवटचं फुकट सुख. यामाहा आरएक्स हंड्रेड ही जुनी मोटारसायकल घेतली आणि तेही गेलं. शेजारी चारचाकी येऊन थांबते, काच खाली सरकते, आतले गृहस्थ आधी टाकीकडे बघतात, मग सायलेन्सरकडे आणि अगदीच नाइलाज झाला की माझ्याकडे. मग तोच प्रश्न : "देणार का?"

"नाही," म्हटलं की वाटाघाटी संपतात आणि आत्मचरित्र सुरू होतं. त्यांच्याकडे एकेकाळी होती. काळी होती, नाहीतर चेरी लाल. पुणे-कोल्हापूर किती तासांत मारलं होतं तेही सांगतात. तो आकडा खरा मानायचा तर वाटेत खंबाटकी घाट नव्हता असं धरून चालावं लागतं. शेवटी आवाज उतरतो : "वडिलांनी विकली हो." महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या आरएक्स वडिलांनीच विकल्यात. आपण होऊन विकली असं सांगणारा मला अजून भेटायचाय.

खरं तर त्या वडिलांची बाजूही ऐकायला हवी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्या एकापाठोपाठ एक इथे आल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, होंडा हिरोबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर, कावासाकी बजाजबरोबर. चौघींच्याही गाड्या शंभर सीसीच्या, पण लग्नाच्या बाजारात फरक होता. हिरो होंडावाला म्हणजे लिटरला ऐंशीची स्वप्नं बघणारा, संसारी मुलगा. आरएक्सवाल्याच्या बाबतीत मुलीकडचे म्हणत, "गाडी छान आहे, मुलाचं काय ते जरा चौकशी करून बघू." त्यात सोनसाखळ्या खेचून पळणाऱ्यांची ही आवडती गाडी, अशी ख्याती. आमच्या सासूबाईंनी गाडी प्रथम पाहिली तेव्हा त्यांचा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला, आणि मी तर घरचाच माणूस.

एवढं सगळं होतं कशावर? ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन १०३ किलो. पण इंजिन टू-स्ट्रोक. होंडात क्रँकच्या दर दुसऱ्या फेऱ्याला एक स्फोट, हिच्यात दर फेऱ्याला. त्यात अंगानं हलकी, त्यामुळे मूठ पिळली की विचार करायला वेळ मिळत नाही. १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये, प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्यावर, बंद झाली. तेव्हापासून तिचा भाव चढतोय. आमच्या पिढीतलं दुसरं काहीच चढलेलं नाही, रक्तदाब सोडला तर.

माझी गाडी सापडली तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये. ९२ चं मॉडेल, एमएच-१० पासिंग, सीटवर रिकामे क्रेट रचलेले. मालक म्हणाले, "पावनं, गाडी एका हातची हाय." आरसी बुकात बघितलं तर मालक क्रमांक चार.

"आज्जा, चुलता, थोरला भाव आन् मी," त्यांनी बोटं मोजली. "घर एकच. म्हंजी हात एकच."

यावर वाद घालायला पुण्याचा माणूस लागतो. तो हजर होता, पण तेवढ्यात त्यांनी चोक ओढला, चार रिकाम्या किका मारल्या आणि मग नीट पाय रोवून एक भरीव हाणली. शेड निळसर धुरानं भरलं. आधी खोकला, मग घोगरा आवाज, आणि मग ते एकसारखं रिंग-डिंग-डिंग-डिंग. बाजूच्या द्राक्षबागेतून दोघं हातातलं काम टाकून आले. त्यातल्या एकानं मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "घेतलीसा? मग आता देणार का?"

किंमत सांगत नाही. तेवढ्यात नवी गाडी विमा-पासिंगसकट दारात आली असती, आणि तिला बटण असतं. "इंजिन जपान हाय," असंही मालकांनी दोनदा सांगितलं. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून सुटे येत आणि इथे जुळवले जात, हे खरं आहे. पण आज महाराष्ट्रात जेवढी 'जपान इंजिनं' फिरतायत ती बघता जपानात त्या काळी दुसरं काहीच बनत नसावं.

पुण्यात आणल्यावर गाडी मेकॅनिक काकांच्या ताब्यात गेली. काका या गाडीवरच म्हातारे झालेत. त्यांनी इंजिनाचं हेड उतरवलं, सिलिंडर ओढून बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि आतून करंगळीचं नख वरून खाली फिरवलं. अर्ध्यावर नख थबकलं. "लाइन आलीय," ते म्हणाले. सोनोग्राफीचा डॉक्टर बोलायचा थांबतो तेव्हा होतं, तसं माझं झालं.

मग समजलं की बोअर मारणं म्हणजे काय. मूळ सिलिंडर ५० मिलिमीटरचा. चरा पडला की आतून पाव मिलिमीटर घासायचा आणि तेवढा मोठा पिस्टन बसवायचा. असं चारदा झालं की ५१ मिलिमीटर होतो, म्हणजे ९८ सीसीची गाडी वयोमानानं १०२ सीसीची होते. माझाही घेर त्याच वेगानं वाढत गेलाय, फक्त मला ओव्हरसाइज पिस्टन मिळत नाही. माझ्या गाडीचे तीन बोअर झालेले निघाले. "एका हातचे," असं मी म्हणालो. काकांना संदर्भ माहीत नसल्यानं ते हसले नाहीत. एअर फिल्टरच्या डब्यातून मात्र मूठभर बेदाणे निघाले. काकांनी त्यातला एक उचलला, हुंगला आणि परत ठेवला.

सुट्या भागांसाठी नाना पेठ. तिथला दुकानदार आधी माणूस ओळखतो, मग भाग काढतो. "ओरिजिनल देऊ, ओरिजिनलसारखा देऊ, की ओरिजिनलच्या डब्यातला देऊ?" तिन्हींच्या किमती वेगळ्या, वस्तू बघाल तर जुळी-तिळी भावंडं. साइड पॅनेल मात्र तिथेही नव्हतं. ते बुधवारी जुन्या बाजारात मिळालं, फोटो फ्रेम आणि पितळी बंबाच्या मधोमध मांडलेलं. विक्रेत्याला ते कशाचं आहे हे ठाऊक नसावं अशी मला आशा होती. मी निष्पाप चेहरा करून किंमत विचारली. तो म्हणाला, "आरएक्सचं आहे. गाडी कुठाय? देणार का?"

आरटीओचं प्रकरण थोडक्यात आटोपतो. नोंदणीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, शिवाय चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची. तीन दशकांच्या रंगाखालचे आकडे पेन्सिलीला दिसतात, साहेबांना दिसत नाहीत. पीयूसी होईल का ही धास्ती होती, पण मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत माफ आहे. जुन्या पापांना सरकार क्षमाशील असतं.

"विंटेजमध्ये नाही का बसणार?" मी तिथे अभिमानानं विचारलं. नाही बसत. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात, म्हणजे आमची २०४२ साली विंटेज होणार. तोवर ती नुसतीच जुनी. शिवाय विंटेज गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या किंवा दुरुस्तीला न्या. हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, मग वेगळं काय होणार आहे? आताही ती पंपावर आणि काकांकडेच जाते."

हे अर्धसत्य आहे. रविवारी पहाटे मी बोपदेव घाटात जातो. तिसऱ्या गिअरमध्ये, पहिल्या वळणानंतर, इंजिनाचा सूर एकदम बारीक आणि धारदार होतो, हँडलमधून मुंग्या येतात, आणि जळक्या टू-टी ऑइलचा वास हेल्मेटमध्ये भरतो. त्या घटकेला कुणी गृहकर्जाचा हप्ता विचारला तर मला सांगता येणार नाही. उतरताना मात्र सगळं आठवतं. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला धरत नाही, आणि ड्रम ब्रेक दाबला की गाडी तो विचारार्थ घेते. रात्रीचं तर बोलूच नका. रेस केल्याशिवाय दिवा उजळत नाही. खड्डा दिसावा म्हणून रेस करायची, आणि रेस केल्यामुळे खड्ड्यात जायचं.

पेट्रोलचीही एक रीत आहे. काटा नाही, टाकीचं झाकण उघडून गाडी हलवायची आणि आवाजावरून अंदाज घ्यायचा. ऑइलची मुळात वेगळी टाकी आणि पंप असतो, पण माझा पंप बेदाण्यांच्या राजवटीत कुणीतरी काढून टाकलाय, म्हणून टू-टी मोजून पेट्रोलमध्येच घालायचं. त्यात टाकीखालच्या कॉकमधून पेट्रोल थेंब थेंब गळतं, वॉशर बदलला तरी गळतं. त्यामुळे मी लिटरभराच्या वर कधी भरत नाही, आणि कॉक कायम रिझर्व्हवर, म्हणजे टाकीच्या तळाशी राखून ठेवलेल्या पेट्रोलवर.

असंच एकदा पंपावर टू-टी मोजत असताना एक विशीतला पोरगा जवळ आला. माझ्या मागे माझी बायको उभी. "काका, देणार का? पप्पांना पाहिजे. माझ्या बारशाच्या वेळी त्यांनी स्वतःची विकली होती."

मी पुन्हा एकदा नाही म्हणणार, तोच बायको म्हणाली, "रविवारी घेऊन ये त्यांना. बघू देत तरी."

रविवारी पप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट, बोलणं काही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून कॉकला बोट लावलं, बोट हुंगलं. मग किक. पहिल्याच किकला चालू! माझ्या हयातीत तिनं मला असा मान दिलेला नाही. "एक चक्कर मारू?" त्यांनी विचारलं आणि उत्तराआधी कोपऱ्यावरून वळलेसुद्धा.

पोहे झाले. पोहे निवाले. मुलगा फोन लावत होता, ते उचलत नव्हते. सासूबाईंनी आतून साखळीचोरांचा विषय काढला. आणखी बऱ्याच वेळानं माझाच फोन वाजला.

"अहो, पेट्रोल संपलं. रिझर्व्हला लावायला गेलो, तर ती आधीच रिझर्व्हवर!"

"कुठे आहात?"

"बोपदेवच्या वर. फार छान आहे इथे."

मी बायकोच्या स्कूटरचं बटण दाबलं. मुलगा मागे बसला, मांडीवर टू-टी मिसळलेल्या पेट्रोलचा छोटा कॅन घट्ट धरून. फोन अजून चालूच होता. "सावकाश या, मला काही घाई नाही," पप्पा सांगत होते. "आणि ऐका, आणताय तर जरा जास्तच आणा."