ब्लर होताल, काका

आमच्या मराठवाड्यात परक्या माणसानं मोबाईल रोखला तर माणूस चिडत नाही, आधी शर्टाची वरची गुंडी लावतो. मग सावधान उभा राहतो, चेहरा आधार कार्डवाला, आणि हसा म्हणलं तर म्हणतो, कशाला, काय झालंय हसायला. मी पण इथलाच, पण मला हे जमत नाही. अनोळखी माणसानं आपला फोटो काढलेला मला बिलकुल चालत नाही आणि ही तक्रार घरात करायची सोय नाही. बायको म्हणते, तुमचा कोण काढायलंय.

तर शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन पुढं वेरूळला गेलो. १६ नंबरचं लेणं म्हणजे कैलास, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, ८व्या शतकात, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, पण बघायला मान वर करावी तर चारी बाजूंनी मोबाईल. तिथं ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, माणसाचा फोटो काढायला कुणाचीच नाही, त्या माणसाची तर नाहीच नाही. एका गोऱ्या जोडप्याला घेरून सेल्फी चाललेले, एकानं तर त्या बाईच्या हातात स्वतःचं रडतं लेकरू देऊन टाकलं. ती सुटली आणि तिनं फिटंफाट करायची म्हणून की काय, पायरीवर टेकलेल्या एका आजोबांवर कॅमेरा धरला. आजोबांनी हातानंच थांब म्हणलं, टोपी सारखी केली, तंबाखू थुंकून आले, आजीला ओढून शेजारी उभं केलं. आजी पदर डोक्यावर घेत म्हणल्या, काढू द्या की, मेल्यावर भिंतीला लावायला तरी हुईल. फोटो झाल्यावर आजोबांनी नातवाचा नंबर सांगितला, म्हणे व्हाट्सपला टाक बाई. बाईला काही कळलं नाही, हसली बिचारी.

तिथंच रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. पार्वती दचकून शंकराचा दंड धरून बसलीय, बाराशे वर्षं होऊन गेली, तयारी नसताना टिपलेली बाई, आणि अजून लोक तिच्यापुढं उभं राहून फोटो काढायलेत. मला तिचं दुःख लगेच कळलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, चला, भूक लागलीय तुम्हाला.

बाहेर हॉटेलात गरम भजे आले. मी एक अख्खं तोंडात टाकलं, जीभ भाजली, गिळता येईना, थुंकता येईना, डोळ्यात पाणी, आणि समोर एक पोरगं रील बनवायलंय, बरोबर मला मागं घेऊन! तोंड रिकामं झाल्यावर मी ओरडलो, ए बाबा, विचारायचं तरी.

"काका, टेन्शन नका घेऊ, तुम्ही ब्लर होताल."

बायकोनं तेवढ्यात त्याची आयडी लिहून घेतली, तिची साडी चांगली आली होती म्हणे.

ब्लर बिर काही झालो नाही. दुसऱ्या दिवशी परभणीहून मेव्हण्याचा फोन, दाजी, वेरूळला गेलतात अन् आम्हाला सांगितलं पण नाही. म्हणलं अरे, न विचारता व्हिडिओ काढला त्यानं, तुला काहीच वाटत नाही का?

तो म्हणाला, "ते ठीकय हो, पण भजे मिरचीचे होते का कांद्याचे?"