अक्काच्या हाती थापी देऊ नका

सोलापुरात घर बांधताय? मग चांगला कारागीर चुकूनही तयार होणार नाही, एवढी काळजी घ्या. सल्ला द्यायचा अधिकार मला आहे. माझ्या नव्या बाथरूमचा ढाळ पाणी जायच्या जाळीकडं नाही, दाराकडं आहे.

मिस्त्री ठरवताना फक्त चौरस फुटाचा दर विचारा. कुणाच्या हाताखाली शिकला, हे विचारणं अपमानाचं असतं.

आयटीआय केलेला पोरगा आला तर ‘पुस्तकी आहे’ म्हणून बिगाऱ्याची मजुरी द्या. तो पुण्याला जाईल. जाऊ द्या.

हेल्मेट मागणाऱ्याला हसा.

स्लॅब निदान १० दिवस ओला ठेवायचा असतो म्हणे. मेच्या उन्हात, आपल्या नळाच्या पाळीवर! भेगा पडल्या की सिमेंटला शिव्या द्यायच्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाईच्या हाती घमेल्याशिवाय काही देऊ नका. आमच्याकडं माल कालवायला एक अक्का होत्या. साइटवरच केस पिकलेले. फरशी बसत असतानाच त्या म्हणाल्या, “मिस्त्री, पाणी दाराकडं येतंय की ओ.” मिस्त्री, म्हणजे परवापर्यंत घमेलीच वाहणारा पोरगा, म्हणाला, “अक्का, तुम्ही माल बघा.” अक्कांनी तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी सरळ उंबऱ्याशी. ठेकेदार आला, बघितलं आणि म्हणाला, “सुकल्यावर बसतंय ते.” बसतंय? फरशी काय म्हैस आहे, बसायला?

ज्या बाईला नुसत्या नजरेनं ढाळ कळतो, तिच्या हातात आजवर कुणी ओळंबा दिला नाही, थापी दिली नाही. खडी फोडायला बाई चालते, विटा डोक्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायला चालते, थापी म्हटलं की ‘बायकांचं काम नाही ते’. मजुरी तर पुरुष बिगाऱ्यापेक्षाही कमी. समान कामाला समान मजुरी, हे कायद्यानं १९७६ सालीच सांगून ठेवलंय. सांगू दे की, साइटवर कायदा येतोय कशाला?

कामगारांना सरकारी मदत देणाऱ्या बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागितला की ‘उद्या ये’ म्हणायचं. आमच्या ठेकेदाराला हे छान जमतं.

पुरे आता ही थट्टा. ठेकेदार लोकहो, “चांगली माणसंच मिळत नाहीत” म्हणून चहाच्या गाड्यावर रडता, लाज वाटत नाही? कधी कुणाला हाताखाली धरून शिकवलंत? शिकलेल्याला दर दिलात? आणि घरमालकांनो, दहा रुपये कमी दर सांगणाऱ्याच्या मागं तुम्हीच धावता, तेव्हा तुम्हीही सोवळे नाही. माणूस शिकायला वेळ आणि पैसा लागतो, तो तुम्ही दोघं मिळून बुडवता. बाईनं बरोबर सांगितलं तर ऐकायची सवय लावून घ्या, तिला कामाचे पूर्ण पैसे द्या. आणि त्या ९० दिवसांच्या कागदावर सही करा. आजच. सहीला सिमेंट लागत नाही.